समरजीतचा टाका

"माझा टाका सुटला, तर समज माझा हातच गळून पडला," असं समरजीत मोहिते एकदा मधु देवस्थळेला म्हणाला होता.

तेव्हा दोघंही पंचविशीत होते. दाना ओली नावाच्या गल्लीतल्या समरजीतच्या खोलीत राळेचा धूर कोंडलेला असायचा. टाका म्हणजे दोन तारा वितळलेल्या कथलानं जोडून केलेला सांधा. कुणाचाही टाका धरतो, पण समरजीतचा चमकायचा. लष्कर भागातले रेडिओ दुरुस्त करणारे हात टेकले की गिऱ्हाइकाला सांगायचे, "मोहिते के लड़के के पास ले जाओ." त्याच्या घरातली तलवार पणजोबांबरोबर गेली होती, बंदूक आजोबांबरोबर, आणि वडील सूर्याजीराव एका गोदामावर काठी घेऊन पहारा करत निवृत्त झाले होते. समरजीत सोल्डरिंग आयर्न उचलून म्हणायचा, "आमच्या घरात प्रत्येकानं हातात काही ना काही धरलं. मी हे धरलंय."

मधुकडे एक कॉम्प्युटर होता. मामांनी मस्कतहून आणलेला, पाटीएवढा, रबरी बटणांचा, टीव्हीला जोडायचा स्पेक्ट्रम. त्याला एका वेळी एकच सूर काढता यायचा, तोही टिटवी ओरडावी तसा. जानेवारीच्या मेळ्यात व्हिडिओ गेमचं एक बंद पडलेलं मशीन भंगारात निघालं, आणि त्यातली चाळीस पायांची चिप समरजीतनं एकही पाय न मोडता सोडवून आणली. ती चिप एकदम तीन सूर वाजवू शकत होती. समरजीतनं तिच्यासाठी कार्ड बांधायचं आणि मधुनं तिला काय वाजवायचं ते आकड्यांत लिहायचं, असं ठरलं. चिपच्या माहितीपुस्तकाची पुसट झेरॉक्स मधुनं कुठूनशी मिळवली. खाली सतत षड्ज, मधे पंचम, आणि वर मधुनं स्वतः बांधलेली एक साधी चाल.

एका खासगी कॉलेजच्या प्रयोगशाळेत टेक्निशियनची एक जागा निघाली होती. दोघांनीही अर्ज केला होता. तिथल्या साहेबांना वाटलं, दोघांचं काम एकत्रच बघू. काम दाखवायच्या आदल्या दिवशी दिवसभर वीज नव्हती. शेवटचा टाका सकाळी, टेम्पो दारात उभा असताना लागला. वाजवून बघायला वेळ मिळालाच नाही.

साहेबांसमोर बटण दाबलं आणि नुसता षड्ज वाजला. घूंऽऽ. चाल नाही, पंचम नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "ये तो पंखा है, भाई." सगळे हसले. साहेबांनी मधुकडे बघितलं. मधु म्हणाला, "टाका सुटला असेल, सर."

तो खोटं बोलला नव्हता. त्याला तसंच वाटलं होतं.

जागा मधुला मिळाली. समरजीतनं त्या दिवशी घरी जाऊन कार्डावरचा प्रत्येक टाका पुन्हा तापवला. मग परत एकदा. मग परत. शेवटी चिपच जळाली, आणि नेमकं काय चुकलं होतं ते बघायला काही उरलंच नाही.

त्यानंतरचं त्याचं आयुष्य चार वाक्यांत सांगण्यासारखं आहे. पडाव नावाच्या भागातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात तो बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडायला बसला आणि छत्तीस वर्षं तिथेच बसला. लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी सासरी गेली. घरी इस्त्रीची वायर तुटली तरी तो मेकॅनिक बोलवायचा. गणपतीत मंडळाची पोरं दिव्यांच्या माळा जोडायला हाक मारायची, तेव्हा तो हात मागे बांधून म्हणायचा, "माझ्या हाताला यश नाही रे बाबा."

मधुनं हे वाक्य एका गणपतीत मांडवामागे उभं राहून ऐकलं होतं. तो पुढे गेला नव्हता.

आता मधु निवृत्त झालेला. मोतीबिंदू काढलेले डोळे, आणि कपातला चहा बशीत सांडवणारे हात. रंगकामासाठी माळा रिकामा केला तेव्हा स्पेक्ट्रम निघाला, आणि त्याच्याबरोबर ती वही, जिच्यात आकड्यांत लिहिलेली चाल होती. पानांत झेरॉक्स घडी करून ठेवलेली. आयुष्यात एक चाल बांधली आणि ती कधी ऐकलीच नाही, हे त्याला निवृत्तीनंतर बोचायला लागलं होतं. चिप आता घरपोच मिळत होती. त्यानं मागवली. पण पहिल्याच टाक्याला हात असा कापला की कथलाचा थेंब थेट मांडीवर पडला.

बायको, शामला, बर्फ आणून देत म्हणाली, "हात आहेत त्याच्याकडे जा की. पडाव काही परदेशात नाही."

ट्रान्सपोर्ट ऑफिसात समरजीतनं वर न बघताच विचारलं, "माल कुठे जाणार?"

"समऱ्या, मी आहे."

समरजीतनं चष्मा कपाळावर सरकवला. "अरे, देवस्थळे साहेब. बसा. कुर्सीचा एक पाय हलतो, जरा सांभाळून."

मधुनं सांगितलं. हात थरथरतात, आणि तेच कार्ड पुन्हा बांधायचंय.

"हात थरथरतात तर डॉक्टरकडे जा न. इथे बिल्टी फाटते."

"तुझ्यासारखा टाका कुणाला जमत नाही."

समरजीतनं कार्बन पेपर सरळ केला. "छत्तीस वर्षांनी आलास," तो म्हणाला, "आणि चेष्टाही नीट करत नाहीस, यार."

पण तिसऱ्या दिवशी दुपारी तो आला. नवं आयर्न त्यानं स्वतः विकत आणलं होतं, आणि पिशवीतून काढताना ते मधुपासून लपवल्यासारखं केलं.

बारा दुपारी गेल्या. पहिल्या दोन दिवसांत त्यानं जुन्या तारांच्या तुकड्यांवर नुसते टाके घातले आणि फेकले. तिसऱ्या दिवशी एक टाका बराच वेळ भिंगातून बघितला आणि कार्ड पुढ्यात ओढलं. बोलणं बेतानंच व्हायचं. त्या दिवसाचा विषय कुणी काढला नाही. शामला चहा आणायची.

"भाऊजी, साखर कमीच न?"

"वहिनी, टाका घालताना साखर, एरवी बिनसाखरेचा."

"मग आज चार चमचे घालते. किती पाय राहिलेत?"

"सोळा. दर पायाला चार म्हणजे चौसष्ट चमचे होतील, घरचा डबा रिकामा होईल."

मधु हसायचा, आणि हसताना त्याला वाटायचं, एवढ्यानं भागलं तर बरं. तीन सूर वाजतील, दोघं ऐकतील, आणि तो दिवस आपोआप पुसला जाईल. कुणाला काही बोलावं लागणार नाही. या वयात बोलण्याइतकं जड दुसरं काही उरत नाही.

बाराव्या दुपारी कार्ड स्पेक्ट्रमच्या पाठीत बसवलं. मधुनं वहीतले आकडे जसेच्या तसे एकेक बटण दाबून भरले होते. शामला पदराला हात पुसत दारात उभी राहिली. समरजीत म्हणाला, "चलो. दाब."

घूंऽऽ.

नुसता षड्ज. तोच. पंचम नाही, चाल नाही. खोलीतलं कुणी हसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं.

समरजीतचा चेहरा बदलला नाही. तो जणू याची वाटच बघत होता. त्यानं कार्ड ओढून काढलं, उलटं केलं आणि आयर्नचा प्लग लावला.

"टाका सुटला असेल," तो म्हणाला.

"समरजीत, आधी बघू तरी..."

"बघायचं काय त्यात? तू तेव्हाही बरोबरच बोलला होतास. मी उगाच वर्षभर तुला शिव्या दिल्या, नंतर लक्षात आलं. हात माझाच." हे त्यानं हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. राळेचा धूर उठला. पहिला टाका वितळला, मग दुसरा.

मधुनं करायला काहीतरी हवं म्हणून झेरॉक्स उघडली. नवे डोळे बारीक अक्षर स्वच्छ वाचत होते. त्या चिपमधे आकडे ठेवायचे कप्पे असतात. कुठल्या सुराची उंची कुठे, आवाज किती मोठा ते कुठे. पुस्तकात कप्प्यांची रांग छापलेली होती. त्यानं बोट ठेवून वाचली. पाच. सहा. सात. दहा.

बोट तिथेच थांबलं. आठ नाही, नऊ नाही. सातानंतर थेट दहा. मग अकरा, बारा.

पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या माणसाला कळायला क्षण पुरला. पुस्तक करणाऱ्यांनी कप्पे आठाच्या हिशेबानं मोजले होते, त्या मोजणीत आठ आणि नऊ हे आकडेच नसतात. त्यांचा दहा म्हणजे आपला आठ. पंचविशीतल्या मधुनं दहाला दहा वाचलं आणि तसंच वहीत लिहिलं. पहिल्या सुराचा आवाज तिसऱ्या सुराच्या कप्प्यात जाऊन पडला. पहिला आणि दुसरा मुकेच राहिले, तिसरा, षड्ज, तेवढा वाजला. टाक्यांचा यात काही संबंध नव्हता. ना आज, ना तेव्हा.

त्यानं वर बघितलं. समरजीत पाचव्या टाक्यावर होता. धूर वाढला होता. आणखी थोडं तापलं की ही चिपही जाईल. मग पुन्हा कुणाला काही कळणार नाही, वही माळ्यावर जाईल, समरजीत पडावावर. दोघांनाही त्याची सवय होती. मधुला आपल्याच मनाची किळस आली, कारण ते मन वाट बघत होतं.

सहावा टाका वितळला.

"थांब," मधु म्हणाला.

"होतंच आलंय."

"समऱ्या, आयर्न खाली ठेव. टाका सुटलेला नाही." आणि मग, "तेव्हाही नव्हता."

समरजीतनं आयर्न स्टँडवर ठेवलं. मधुनं झेरॉक्स त्याच्यापुढे सरकवली आणि वहीतल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. जितक्या कमी शब्दांत सांगता येईल तितक्यात सांगितलं. सात, मग दहा. मी दहाला दहा वाचलं. चूक माझी. तीन आकडे.

शामलानं दाराची चौकट धरली. तिला त्या दिवसाची गोष्ट लग्नानंतर मधुनंच सांगितली होती, टाका सुटल्याची.

समरजीत भिंगातून आधी पुस्तकाची ओळ आणि मग वहीतली ओळ वाचत राहिला. वहीतलं अक्षर मधुचं होतं, तरुण आणि तिरकं. "वाजव," तो म्हणाला.

कार्ड जागेवर गेलं. मधुनं दहाच्या जागी आठ केले, अकराच्या जागी नऊ, बाराच्या जागी दहा. एक बटण दोनदा दाबलं गेलं, ते पुसावं लागलं.

षड्ज आला. त्याच्यावर पंचम आला. आणि मग त्या दोघांच्या वर ती चाल, पातळ, किंचित किनरी, एखाद्या जत्रेतल्या पिपाणीसारखी. तशी ती काही फार मोठी चाल नव्हती. चाळीस सेकंदांत संपली.

"पुन्हा," समरजीत म्हणाला.

पुन्हा वाजली. तो कार्डाकडे बघत नव्हता. उजवा हात टेबलावर उताणा ठेवून त्याकडे बघत होता.

"समरजीत," मधु म्हणाला, "मी..."

समरजीतनं आयर्नचा प्लग काढला. वायर गुंडाळली नाही, आयर्न पिशवीत टाकलं नाही, चष्मा मात्र खिशात ठेवला. गुडघ्यावर हात टेकून उठला.

"भाऊजी, चहा ठेवलाय," शामला म्हणाली, "साखर घालून."

तो तिच्या बाजूनं, तिला धक्का लागू नये म्हणून अंग चोरत, बाहेर पडला. ओटीवर चपला सरकवल्याचा आवाज आला, मग जिन्याच्या पायऱ्यांवर एकेक पाऊल, आणि तो गेला.