बादलची टेस्ट ड्राइव्ह

"मॅडम, आता याले खाली कसं उतरवाचं?" वसंतरावांनी विचारलं.

आमच्या शोरूमची डेमो पिकअप सपाट मैदानात उभी होती. हौद्यात वसंतरावांचा बैल, बादल. मागचा फाळका उघडला होता, आणि हौद्याचा तळ माझ्या कमरेपेक्षाही उंच होता.

वर्ध्यात पिकअप विकायला लागून मला सहा वर्षं झाली. वसंतराव हिंगणीचे. आठवडाभर भाजी बाजारात न्यायची आणि सुटीच्या दिवशी बादलला शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला. दोन्हीला एकच गाडी हवी होती. मी फोर बाय फोर सुचवली. हिच्यात इंजिनची ताकद चारही चाकांना मिळते, म्हणून ती चिखलात सहसा अडकत नाही. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर, तेही भरपूर. बॉसना याच महिन्यात तीच खपवायची होती, हे कशाला लपवू?

शोरूममध्ये वसंतरावांनी एकच प्रश्न विचारला होता, "मांगून किती उंच हाय?"

"फार नाही काका," मी ठोकून दिलं. मोजायची टेप ड्रॉवरमध्येच होती. काढायचा कंटाळा केला.

"मंग बादललेच घेऊन पाहू. सरावाच्या मैदानावर त्याचा जोडीदार हाय."

शेतात त्यांनी गाडी धुऱ्याला, म्हणजे बांधाला, मागून टेकवायला लावली. बादल बांधावरून सरळ हौद्यात चालत गेला. मी फोटोही काढला. वाटेतला काळ्या मातीचा चिखल गाडीनं सहज पार केला, आणि मी मनातल्या मनात बुकिंग फॉर्म भरू लागले.

मैदानात धुरा नव्हता. बाकीच्यांच्या गाड्या बुटक्या, त्यांचे बैल आरामात उतरत होते. जोडीदार दिसताच बादल हंबरला आणि कासरा ताणून मागे सरकू लागला. पत्र्यावर त्याचा खूर घसरला.

"धरा त्याले! उडी मारन तो!" वसंतराव ओरडतच वर चढले. "पाय मोडला तं बैल गेला माहा!"

माझा फोन वाजला. बॉस.

"गाडी कुठंय? चार वाजता दुसरी पार्टी येतेय."

"सर, गाडीत बैल आहे."

"काय आहे?"

मी फोन ठेवला. रडू येत होतं आणि स्वतःचा रागही. मैदानाच्या कडेला पावसाच्या पाण्याची खोल नाली होती. "काका, मागची चाकं नालीत उतरवते. म्हणजे मागची बाजू खाली जाईल."

"अन् गाडी फसली तं?"

"नाही फसणार. तेवढं मला नक्की माहीत आहे."

मी इंच इंच रिव्हर्स घेतला. आरशात वसंतराव दिसत होते, बादलच्या मानेला मिठी मारून त्याच्या कानात काहीतरी बोलत होते. चाकं खाली गेली आणि फाळका नालीच्या पलीकडच्या काठावर करकरत टेकला. कुणीतरी पोती अंथरली. बादलनं मागचा एक पाय पोत्यावर ठेवला, थांबला, मग दुसरा. काठावर पोचल्यावर त्यानं नुसतं अंग झाडलं. मी गाडीतच बसून राहिले.

मग उतरून म्हणाले, "काका, चुकलं माझं. उंची मी मोजलीच नव्हती."

"मले तवाच समजलं होतं. इतक्या लवकर कोनी मोजते काय?" ते बादलचे पाय चाचपत म्हणाले. "पन गाडी मलेई आवडली होती ना. म्हून गप्प रायलो."

फोर बाय फोर एका दमात नालीतून बाहेर आली. वसंतरावांनी तिच्या बॉनेटवर थाप मारली आणि दुसऱ्या दिवशी येऊन बुटकी टू व्हील ड्राइव्ह बुक केली.

बॉस चेपलेल्या फाळक्याकडे बघत होते. "फोर बाय फोर का नाही घेतली त्यांनी?"

"बैलाला उतरता येत नाही, सर."

टेप आता माझ्या पर्समध्ये असते. ग्राहकानं काही विचारलं की आधी ती काढते, मग तोंड उघडते.