मेटास्टॅसिस म्हणजे जागा बदलणं

मी शिळफाट्याजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. नवा शब्द आला की तो मुळात कुठून आला, हे मुलांना सांगायची मला सवय आहे. भिवपुरीला घरी आले की आई विचारायची, "आज कंचा शब्द गं?" ती चौथी शिकलेली, पण शब्दांच्या गोष्टी तिला फार आवडायच्या.

गेल्या वर्षी पोटदुखीसाठी तिला हॉस्पिटलात ठेवलं होतं. तिच्या खाटेपाशीच फाइल चाळत डॉक्टर मला म्हणाले, "मेटास्टॅसिस आहे. आता घरीच न्या." ते पुढे जाताच आईनं विचारलं, "ह्यो कंचा शब्द?"

कॅन्सर यकृतात आणि हाडांत पसरला होता. तेवढंच सांगायचं होतं, पण माझी जीभ रेटेना. मी म्हणाले, "ग्रीक शब्द आहे. मेटा म्हणजे बदल, स्टॅसिस म्हणजे उभं राहणं. जागा बदलणं."

"म्हंजे घरी जायाचं!" तिचा चेहरा उजळला. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिनं सांगितलंसुद्धा, "माज्या पोरीला समदे शब्द येतात."

घरी आल्यावर पहिले काही दिवस ती अंगणात हिंडायची. तिचा धाकटा भाऊ शेलूला राहतो. माझ्या बहिणीच्या लग्नातल्या मानपानावरून दोघांचं बोलणं तुटलं होतं. मी म्हणाले, "मामाकडे जाऊन येऊ या का?"

"जरा बरी होऊ दे. मंग जाईन. घाई काय हाय?"

घाई होती. मी तिचं औषध आणायला आत गेले.

दोन आठवड्यांत तिला उठवेनासं झालं. एका दुपारी ती म्हणाली, "त्या शब्दाचा खरा अर्थ सांग गं." मी सांगितला. ती रागावली नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "तवाच सांगायचं व्हतंस. माज्या पायानं गेले असते त्याच्याकडं."

मी लगेच मामाला फोन केला. तो तासाभरात आला, पण तोवर तिची शुद्ध हरपली होती. तिचा हात धरून तो हाका मारत राहिला, "आक्का, मी आलोय गं." डोळे उघडे होते, पण त्याच्याकडे वळले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर मी मामाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुला अर्थ ठावा व्हता ना?"

मी हो म्हणाले. त्यानं चपला घातल्या आणि तो स्टेशनाकडे चालू लागला.