दप्तर पाहण्याचा अर्ज

दप्तरखान्याच्या कारकुनानं, भाऊसाहेबानं, ते पुस्तक माझ्या हातात दिलं नाही. उंबऱ्याच्या आत उभं राहून त्यानं ते फरशीवर टाकलं आणि लाकडी रुळानं माझ्याकडं ढकललं. मेलेला उंदीर ढकलावा तसं.

"घे. तपासणी पाहिजे ना? वाच."

मी उंबऱ्याबाहेर खाली बसलेली. माझ्यामागं आबा, माझे वडील, पटका काढून हातात धरून उभे. बाजाराचा दिवस होता. तालुका कचेरीच्या व्हरांड्यात ही गर्दी. उताऱ्याला आलेले, दाखल्याला आलेले, नुसतेच सावलीला बसलेले. दप्तरखान्याच्या दारात एक पोरगी पुस्तक वाचायला बसलीय म्हटल्यावर सगळे सरकून जवळ आले.

मी पान उघडलं.

एक अक्षर ओळखू येईना. वरती एक लांब रेघ, आणि तिला खाली लोंबणारी वळणं. एकात एक गुंतलेली. कुठं शब्द संपतो, कुठं सुरू होतो, काही पत्ता नाही. मोडी. मी अकरावी मॅट्रिक पास झालेली, गावातल्या आमच्या वस्तीतली पहिली. मराठी माझी, पुस्तक मराठीत, आणि मला वाचता येईना.

"काय गं? मॅट्रिक ना तू? मोठ्यानं वाच. सगळ्यांना ऐकू दे."

मागून कुणीतरी म्हणालं, "वाच की गं बाय. आमी बी ऐकतो."

हशा झाला. मोठा नाही. पण मला तो आजही ऐकू येतो. मी बोट रेघेवरून फिरवत राहिले, जसं काही वाचतेच आहे. खोटं सांगत नाही, मी दोनतीन पानं उलटलीसुद्धा. भाऊसाहेब माझं बोट बघत होता. मग त्यानं रूळ पुढं करून पुस्तक ओढून घेतलं.

"सरकारनं हक्क दिला," तो व्हरांड्याकडं बघून म्हणाला. "अक्कल कुठनं देणार?"

कचेरीच्या आवाराबाहेर आल्यावर आबांचं एकच वाक्य. "कशाला गं गेलीस तोंड वर करून?"

आम्ही तिथं का गेलो होतो ते सांगते. सातारा आणि सांगलीच्या शिवेवरचं आमचं गाव. गावात आम्ही महार. माझ्या जन्माच्या आसपास बौद्ध झालो, पण कचेरीच्या तोंडी आम्ही महारच. पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामं केली आणि त्या बदल्यात वतनाची जमीन कसली. ओढ्याकाठची दोन एकरांची पट्टी. पुढं वतनं गेली. कायद्यानं ती जमीन आमच्या नावावर व्हायची होती. पण पट्टीला लागून ज्यांचा उसाचा मळा, ते बागायतदार, गाव त्यांना नुसतं 'मालक' म्हणायचं, त्यांनी मधल्या काळात बांध फोडून तिथं ऊस लावला होता. प्रांतासमोर ते म्हणाले, ही पट्टी वतनाची कधी नव्हतीच, आमच्या वाडवडलांची आहे, यांना नुसती कसायला दिली होती. खरं काय ते एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. तालुक्याच्या दप्तरखान्यात, आमच्या गावाच्या जुन्या बाडात. त्या पानाची नक्कल आणली तर जमीन आमची. नाही आणली तर मालकांची. इतकं साधं.

आणि ते पान आबांनी पाच वर्षं 'ऐकलं' होतं.

हा शब्द माझा नाही, कचेरीतला आहे. आमच्या लोकांना तिथं दप्तर दाखवत नसत, ऐकवत. माणसानं उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. भाऊसाहेब आत बाड सोडणार, पान काढणार, आणि तिथनंच वाचून सांगणार. आबा दरवेळी पटका काढून ऐकायचे. दरवेळी तेच. "तुमचं नाव नाही यात." आबा घरी येऊन वस्तीत सांगायचे, "न्हाई निघत नाव." आणि कुणाच्या मनात यायचं नाही की वाचणाऱ्यानं खरंच वाचलं का. छापलेलं, लिहिलेलं खोटं नसतं, एवढंच आम्हाला ठाऊक. पण वाचणारा खोटं बोलू शकतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

याहून चीड आणणारं पुढं आहे. ते बाड तालुक्याला नेलं कुणी? आबांनीच. गावचं दप्तर दरसाल तपासणीला तालुक्याला जायचं, जुनं झालेलं तिथंच राहायचं. ते तांबड्या रुमालात बांधायचं आणि महारानं डोक्यावर घेऊन चालायचं. बारा कोस जाऊन येऊन. आबांच्या टाळूवर त्या वजनानं केस विरळ झाले होते. आई म्हणायची, "सरकारानं तुमचं टक्कल केलं बघा." बांधलेलं दप्तर डोक्यावर चालायचं. सोडलेलं दप्तर डोळ्यांनी बघायला चालत नव्हतं. आणि पाच वर्षं ऐकायला गेले तेव्हाही भाऊसाहेब त्यांना फुकट ठेवून घ्यायचा. "आलाच आहेस तर वरची बाडं उतरव. झटक. परत लाव." आबा धूळ खात ते करायचे आणि शेवटी उंबऱ्याबाहेर जाऊन ऐकायला उभे राहायचे.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. मला हे लहानपणापासून माहीत होतं. फक्त ते मला चुकीचं वाटलं नव्हतं. हे कबूल करायला मला लाज वाटते, पण करते.

मला जाग आली ती एका पाटीमुळं. त्या साली दुष्काळ नुकताच सरला होता. आबांना ताप होता म्हणून सोबतीला मीही गेले होते. ते आत बाडं झटकत होते, मी दारात. दाराच्या फळीमागं पत्र्याची एक पाटी खिळ्याला लावलेली. दार कायम उघडं, म्हणून पाटी कायम झाकलेली. मी दार जरासं ओढलं. लिहिलं होतं: अभिलेख तपासणीची वेळ अकरा ते पाच. कोणत्याही इसमास लेखी अर्ज व कोर्ट फी तिकीट लावून अभिलेख स्वतः पाहता येईल. टिपणे शिसपेन्सिलने घ्यावीत, शाई वापरू नये. नक्कल मागणाऱ्यास नक्कल देण्यात येईल.

कोणत्याही इसमास. स्वतः.

मी ते तीनदा वाचलं. त्यात जात नव्हती, उंबरा नव्हता, ऐकणं नव्हतं. पाच वर्षं आबा ज्या दारात उभे राहिले, त्याच दाराच्या पाठीवर हे लिहिलेलं होतं.

मग मी अर्ज केला. आणि मग ते झालं जे सुरुवातीला सांगितलं. मला वाटलं होतं अर्ज केला की झालं. जुनं दप्तर मोडीत असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भाऊसाहेबाला माहीत होतं. म्हणूनच त्यानं अर्ज मुकाट्यानं घेतला, म्हणूनच बाजाराचा दिवस दिला.

त्यानंतर मला घरात बसवेना. भाकरी थापताना तव्यावर ती लोंबणारी वळणं दिसायची. ओढ्यावर जायची, त्या पट्टीतला दुसऱ्याचा ऊस बघायची, परत यायची. परत जायची. आई म्हणाली, "पायाला भिंगरी लागली व्हय गं?" प्रांतानं महिन्यानं पुढची तारीख दिली होती. एक महिना. मी आत्याकडं रहिमतपूरला गेले. तिथं आमच्यातलेच एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी लहानपणी शाळेच्या ओसरीवर, वर्गाबाहेर बसून मोडी उचलली होती. आत गुरुजी फळ्यावर गिरवायचे, हे बाहेर धुळीत.

मास्तर फटकळ. मी सगळं सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे तू तलवार न घेताच लढाईला गेलीस." आणि हसले. मला राग आला. ते म्हणाले, "राग आलाय न्हवं? मग बस. सगळी मोडी शिकायला तुला वरीस लागंल. तुला काय पोथी वाचायची न्हाई. जमिनीच्या दप्तरात शब्द किती असत्यात? शंभर. तेवढंच शिक." त्यांनी तेच काढून दिले. वतन. सर्व्हे. चतुःसीमा. पूर्वेस. ओढा. नावे. वहिवाट. मी सकाळी तेच, दुपारी तेच. आत्याच्या सारवलेल्या जमिनीवर काडीनं रेघ ओढायची आणि खाली वळणं लोंबवायची. पंधराव्या दिवशी पहिल्यांदा एक ओळ आपोआप सुटली. 'ओढ्याचे पूर्वेस' एवढंच. मी मोठ्यानं रडले. मास्तर ओरडले, "रडतीस काय? पुढची वाच!"

तारखेच्या आधीच्या आठवड्यात आम्ही परत गेलो. आबा येत नव्हते. "पुन्हा हसं करून घ्यायचं काय?" म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही नुसते उभे राहा. ते आले.

मुद्दाम बाजाराचाच दिवस मी निवडला होता. अर्ज दिला, तिकीट लावलेलं. भाऊसाहेब हसला. पुस्तक आणलं आणि सवयीनं खाली टाकायला वाकला.

"खाली नको," मी म्हटलं. "टेबलावर ठेवा."

"तुमची पद्धत खाली बसायची आहे."

मी दाराची फळी ओढली. पाटी बाहेर आली. "ही पद्धत हितं कुठं लिव्हलीय ते दावा."

मी उंबरा ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा. टेबलापाशी उभी राहिले. त्यानं पुस्तक आपटलं. मी पान शोधलं. अकरावं. बोट रेघेखाली ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं. अडखळत. कुठं कुठं थांबून. पण वाचलं. ओढ्याचे पूर्वेस, दोन एकर, महारकी वतन, आणि पुढं नाव. माझ्या आज्याच्या बापाचं नाव. त्याचा अंगठा. नाव होतं. पाच वर्षं होतं. त्याच्या आधी कितीतरी वर्षं होतं. आबांनी डोक्यावरून नेलं तेव्हाही ते रुमालाच्या आत होतंच.

मागनं आबा उंबऱ्यापर्यंत आले. "आमचं नाव हाय?" त्यांनी विचारलं. मला नाही. भाऊसाहेबाला. "आवं भाऊसाहेब, नाव हाय?"

भाऊसाहेबानं पुस्तक मिटलं. "वेळ संपली." भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायचे होते. त्यानं रुमाल गुंडाळला आणि आबांकडं न बघता म्हणाला, "उचल रे. वरच्या फळीवर ठेव."

आणि आबा आत येऊन वाकले. मी बघितलं. नुकतंच स्वतःच्या आज्याचं नाव ऐकलेला माणूस, हाक आली आणि वाकला. हात आपोआप पुढं गेले. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की सांगता येत नाही. आणि तितकीच कीवही. चाळीस वर्षांचं वळण ते.

"आबा, हात लावू नका," मी म्हटलं.

ते थांबले. बराच वेळ तसेच वाकलेले. मग सरळ झाले. दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि म्हणाले, "न्हाई उचलणार भाऊसाहेब. शिपायाला सांगा."

भाऊसाहेबानं शिपायाला हाक मारली नाही. बाड स्वतःच उचललं. धुळीनं त्याला ठसका लागला. मी नकलेचा अर्ज पुढं केला आणि म्हटलं, नक्कल मिळेपर्यंत मी इथनं हलणार नाही. तो म्हणाला आठ दिवस लागतील. मी तिथंच बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी परत येऊन बसले. तिसऱ्या दिवशी गोल शिक्का मारलेली नक्कल माझ्या हातात पडली. हातात. टाकलेली नाही.

प्रांतानं निकाल आमच्या बाजूनं दिला. म्हणून सगळं गोड झालं असं समजू नका. मालकांनी वर अपील केलं. अपील चालू, तारखा चालू, पट्टीत ऊस त्यांचाच. आबा त्या जमिनीत पाऊल न टाकता गेले. मला त्याचं दुःख आहे आणि ते ओसरत नाही. ओसरू नये असंही मला वाटतं.

आबा गेल्यावरच्या पहिल्या बाजारी मी कचेरीत गेले. सोबत वस्तीतली नऊ घरं. नऊ अर्ज, नऊ तिकिटं, नऊ शिसपेन्सिली. भाऊसाहेब म्हणाला, "एवढ्यांना एकदम दाखवता येणार नाही. एकानं या, मी वाचून दाखवतो."

मी म्हटलं, "तुमी नका वाचू. तुमी फक्त काढून द्या."

त्यानं साहेबाकडं तक्रार केली. साहेबानं मला बोलावलं. मी पाटीवरचं वाचून दाखवलं. त्यांनी ती पाटीच काढून टाकली. मी अर्जात लिहिलं की पाटी काढली. उत्तर नाही आलं. मी पुन्हा लिहिलं.

त्या खोलीत छतापर्यंत बाडं आहेत. आमच्या गावाची, शेजारच्या गावांची, पूर्वेकडच्या माणदेशातल्या मेंढरं राखणाऱ्यांच्या कुरणांची. कुणाकुणाची नावं आत आहेत कुणास ठाऊक. मी एकेक सोडवून घेणार आहे. आज नाही दिलं तर उद्या, तालुक्यात नाही दिलं तर साताऱ्यात. मला शंभरच शब्द येतात, पुढचे शंभर शिकेन. वस्तीतल्या प्रत्येक पोरीला शिकवेन. आमच्या जमिनीबद्दल काय लिहिलंय हे आम्हाला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायचे दिवस संपले. संपले म्हणजे संपले.