मढची फेरीबोट आणि अंजनगावची विहीर

"पोरीच्या जातीले पोहून कुठं जा लागते?"

बाबा हे म्हणाले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या वावरातल्या विहिरीत ते माझ्या धाकट्या भावाला कमरेला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकवत होते. मी काठावर त्याचे कपडे सांभाळत बसले होते. बाबा रागावून बोलले नव्हते. खरंच विचारत होते.

माझी मुलगी अनू वर्षभरापासून मुंबईत नोकरी करते. ऑफिस अंधेरीला, राहणं मढला. नकाशात दोन्हींच्या मधे एक निळी रेघ दिसते. ती खाडी आहे, आणि अनू रोज स्कूटीसकट बोटीतून ती ओलांडते हे मला ठाऊकच नव्हतं. दिवाळीत घरी आली तेव्हा बोलण्याच्या ओघात म्हणाली, "तेव्हा बोटीत होते गं, म्हणून फोन नाही उचलला."

तिला पोहता येत नाही. मलाही नाही. मी अमरावतीत शिकवणीवर्गात गणित शिकवते. त्या दिवाळीपासून सकाळचे साडेनऊ वाजले की माझा हात फळ्यावर थांबायचा. आता ती बोटीत असेल. शेवटी फेब्रुवारीत तिकीट काढलं.

"पाहून तं ये एकदा," नवरा म्हणाला, "नाहीतं काळजीनं इथंच बुडशील."

अमरावतीहून मुंबईची गाडी संध्याकाळी निघते आणि सकाळी पोचवते. लग्नसराईत जायचं असेल तर तिकीट फार आधी काढा. आणि लेकराला आवडतो म्हणून गिलावडा, म्हणजे आमच्याकडचा दहीवडा, नेण्याच्या भानगडीत पडू नका. अकोला येईपर्यंत डब्यातलं दही पिशवीत आलं होतं. अकोल्याला चढलेल्या बाईंनी कागद दिला, आणि पुसता पुसता सगळी चौकशी केली.

"पोरगी एकटीच राहते? डर नाई लागत?"

"तिला नाही लागत."

"तिचं नाई, तुमचं विचारून राहिली मी."

मी उरलेलं दही पुसायला घेतलं.

अनू दादरला घ्यायला आली होती. सामान होतं म्हणून टॅक्सीने रस्त्यानेच मढ गाठलं, मालाडवरून मोठा वळसा घालून. कोळीवाड्याच्या कडेला तिची एक खोली. दाराबाहेर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले. वासाची दोन तासांत सवय झाली, आवाजाची नाही. समुद्र दिसत नव्हता, पण ऐकू येत होता. आमच्याकडे पाण्याचा असा आवाज नदीला पूर आला तरच येतो. म्हणून दुपारभर मी उठून दाराशी जात होते, पाणी कुठवर आलं ते पाहायला.

"आई, ते रोजच असं वाजतं," अनू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासोबत निघाले. ओहोटी होती. ओहोटीला बोट खूप खाली लागते आणि जेट्टीचा उतार शेवाळाने निसरडा झालेला असतो. चपला धड असू द्या. दहाच्या नोटा सुट्या ठेवा. माणसं, मासळीच्या पाट्या, शाळेची दप्तरं आणि मधे दुचाक्या, अशी ती बोट भरते. अनूची स्कूटी अजून अमरावतीच्याच नंबरची. फळीवरून तिने ती मला मागे बसवून सराईतपणे आत घातली, स्टँडवर लावली आणि पैसे द्यायला पुढे गेली.

मी मागच्या सीटवरच बसून राहिले.

हे का, ते अमरावतीच्या माणसाला सांगावं लागणार नाही. आमच्याकडे गाडी थांबली म्हणून कुणी उतरत नाही. रेल्वेचं फाटक लागो, मिरवणूक आडवी येवो, ओळखीचं कुणी भेटो, आम्ही गाडीवरच. बोट म्हणजे मला एक लांबलेलं फाटकच वाटलं असावं.

मधोमध आलो आणि बाजूने एक मोठी मच्छीमार बोट गेली. तिच्या लाटेने आमची बोट कलली. स्कूटी कलली, तिच्यासोबत मी. एक क्षण माझ्या पायाखाली काही नव्हतं आणि डोळ्यांसमोर फक्त पाणी होतं, हिरवट काळं, तळ नसलेलं. मग कुणीतरी दंड धरला. शेजारच्या कोळीणबाईंनी. गाडी दोन पोरांनी पेलली.

"ओ मावशी, उतरा आधी!" मागून बोटवाला ओरडला. "गाडीवर बसून कोण जातं बोटीतनं?"

कुणीतरी हसलं. अनू हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

पलीकडे वर्सोव्याला चहाच्या टपरीवर मी कप खाली ठेवला.

"रस्त्याने जात जा ना."

"दीड तास लागतो आई. बोटीने पाच मिनिटं."

"मग खोली बदल."

"अंधेरीत नाही परवडत गं." मग म्हणाली, "पहिला महिना मी बोटीत डोळे मिटून बसायचे. तुला सांगितलं नाही."

तिला डर लागत नाही, असं मी गाडीत त्या बाईंना सांगून आले होते.

"मग पोहायला शिक," मी म्हटलं.

"तू शिकशील?"

"मी? या वयात?"

"बघ. तू शिक, मग मी शिकते. पक्कं." आणि ती हसली, आपल्याला शिकावं लागणार नाही याची खात्री असल्यासारखी.

अनू ऑफिसला गेली. परतीच्या बोटीत मी उभी होते. "खाली नको बघू बाय, समोर बघ," एक कोळीण म्हणाली. बोटीने जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. आणि गाडीवरून उतरा.

घरी येऊन तीन आठवडे झाले. पोहण्याच्या तलावावर सकाळी बायकांची वेळ असते. दोनदा अर्ज घेऊन गेले, दोनदा फाटकातून परत आले. निळं, स्वच्छ पाणी, तळाच्या फरश्या दिसतात. तरी अर्ज पिशवीतच राहिला. साडेनऊला फळ्यावर हात अजून थांबतो.

काल बाबांना फोनवर सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "अनूले सांग, मधात उभी राहात जा. काठाले नोको."

पुढचं फोनवर विचारायचा धीर झाला नाही. म्हणून आज अंजनगावला निघाले आहे, आणि हे बसमध्येच लिहिते आहे. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. नाही म्हणतील. 'लोक काय म्हणतील' म्हणतील, 'तुह्यं वय काय' म्हणतील, 'विहिरीत गाळ हाय' म्हणतील. तरी वावरात पोचल्यावर मी विचारणार आहे:

बाबा, मले पोहणं शिकवता काय? तुमी पाण्यात नोका उतरू. काठावर बसा, आन् मले सांगत राहा.