जयरामदादांचा नकार

जयरामदादांनी मला पहिले आठ दिवस सुईला हात लावू दिला नाही. मी परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात साडेचार वर्षं घासून पास झालेली, सहा महिन्यांची इंटर्नशिप तेवढी उरलेली, आणि टोकावड्याच्या पलीकडच्या एका गावात गुरांच्या सरकारी दवाखान्यात मला शिकवणार कोण, तर शिपाई! तोही अर्धवेळ. ही १९९९ सालची दिवाळीनंतरची गोष्ट. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. मी इतकी चिडले होते की विचारू नका.

दवाखान्याला डॉक्टर होते. नवीनच बदलून आले होते, सगळे त्यांना साहेब म्हणायचे. पण साहेब अकरा वाजता यायचे, रजिस्टरवर सह्या करायचे आणि मला म्हणायचे, जयरामकडून बघून घ्या. मग मी जयरामदादांकडे बघायची. पन्नाशीचा माणूस, सडपातळ, खाकी अर्धी चड्डी, पायात टायरच्या चपला. ते मला नखं दाखवायला सांगायचे. शाळेतल्या पोरीसारखी मी नखं दाखवायची. मग घड्याळ काढा, कानातलं काढा, आणि दवाखान्यापुढच्या लाकडी खोड्यात बांधलेल्या गाईजवळ जाऊन उभ्या राहा. काय करायचं? काही नाही, उभं राहायचं. गाईला आपली सवय होऊ द्यायची. नंतर तिच्या डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांमागच्या खोलगट जागेत, मूठ दाबून धरायची आणि आतलं पोट किती वेळा हलतं ते मोजायचं. शेण हातात घेऊन बघायचं, तोंडाचा वास घ्यायचा. सुई दिसली की मी हात पुढे करायची आणि ते ती उकळत्या पाण्यात परत टाकायचे.

पण नवव्या दिवशी त्यांनी मला म्हशीच्या मागे उभं केलं, स्वतः शेपटी धरली आणि सांगितलं, आता डोळे मिटून हात घाला. खांद्यापर्यंत हात आत गेला. बाहेरून ते बोलत होते आणि आत माझ्या बोटांना एकेक गोष्ट सापडत होती. म्हैस चार महिन्यांची गाभण होती. पुस्तकातली जी पानं मी चार वेळा पाठ केली होती, ती त्या दिवशी पहिल्यांदा कळली. मी हात बाहेर काढला आणि वेड्यासारखी हसत सुटले. जयरामदादाही हसले. म्हणाले, म्हशीलाबी हसू द्या आता, दमली ती. त्या दिवसापासून मी म्याडमची बाय झाले.

दादा तिथे अकरा वर्षं अर्धवेळ होते. अर्धवेळ म्हणजे नावाला, माणूस सकाळी सातपासून अंधार पडेपर्यंत तिथेच. मार्चअखेर कायम करायच्या लोकांची यादी निघायची होती आणि तालुक्यात त्यांचं नाव पहिलं होतं. फक्त साहेबांचा शेरा चांगला जायला हवा होता. हे दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला माहीत होतं. दादा स्वतः त्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत, पण टपालवाला आला की झाडू हातात तसाच धरून उभे राहायचे.

डिसेंबरात भगीरथ नावाचा ठाकरवाडीतला माणूस सकाळीच आला. त्याची गाय रात्रीत मेली होती. आठवड्यापूर्वी त्याच वाडीतला एक बैलही गेला होता, त्यामुळे वाडी घाबरली होती. साहेब, मी आणि दादा जीपने गेलो. साहेबांनी गाईच्या कानाचं रक्त काचपट्टीवर घेतलं, दवाखान्यात जाऊन तपासलं आणि काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स, नाही याची खात्री करून परत आले. आता गाय फाडून बघायला हरकत नव्हती. ती गोठ्यात मरून पडली होती, तिला ओढून माळावर न्यायला हवं होतं. साहेब खाटेवर बसले आणि म्हणाले, जयराम, ओढून घे आणि सोलायला लाग.

दादा जागचे हलले नाहीत. आवाज न चढवता म्हणाले, "साहेब, पानी तापवून देतो, सुऱ्या उकळून देतो. पन मेल्या ढोराला मी हात नाय लावणार."

आधीचे साहेब अशा वेळी तालुक्याहून माणूस बोलवून घ्यायचे, म्हणून अकरा वर्षांत हा प्रश्न आलाच नव्हता. या साहेबांना ते ठाऊक नव्हतं, आणि मलाही नव्हतं. साहेब लालबुंद झाले. दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. दादांचं उत्तर तेच, तेवढ्याच हळू आवाजात. भगीरथाचे भाऊ एकमेकांची तोंडं बघत उभे. शेवटी त्या भावांनीच चिडचिड करत गाय बांबूला बांधून माळावर नेली. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. सुरी मी घेतली.

दोन तास मी एकटी त्या गाईत कोपरापर्यंत रुतले होते. कॉलेजात आम्ही दहाजण मिळून एक जनावर उघडायचो, तेही प्रोफेसर समोर असताना. इथे वरून ऊन, अंगाला वास, आणि साहेब आंब्याखाली चहा पीत बसलेले. दादा दहा पावलांवर गरम पाण्याची बादली घेऊन उभे होते. तिथूनच त्यांनी भगीरथाला विचारलं, गाय उताराला चालायला कुरकुरत होती का? भगीरथ म्हणाला, पंधरा दिवस झाले, डोंगर चढायची पण उतरताना अडून बसायची. गळ्याखालच्या पोळीला सूज होती? होती. मग दादांनी मला सांगितलं, "बाय, काळजाच्या पिशवीत बघा. तार गावंल."

आणि गावली. बोटभर लांबीची, गंजलेली. आमच्या भागात गवताच्या गाठी तारेने आवळून वखारीत जातात, तिचे तुकडे गवतात राहतात, गाय ते चाऱ्याबरोबर गिळते आणि तार पोटातून काळजात घुसते. रोगाची साथ नव्हती. वाडीने सुटकेचा निःश्वास टाकला. भगीरथाने मला हात धुवायला साबण आणून दिला. बायकांनी माझ्यासाठी वेगळा चहा केला.

आता खरं तर मला राग कुणाचा यायला हवा होता? जो आंब्याखाली बसला त्याचा. पण साहेबांच्या हातात माझं सर्टिफिकेट होतं, आणि रागालाही आपली जागा बरोबर कळते. मला राग आला जयरामदादांचा. मी बावीस वर्षांची मुलगी रक्तात माखते आणि हा माणूस बादली धरून उभा राहतो? एवढा कसला माज? दवाखान्यात परतल्यावर साहेब म्हणाले, झालं ते लेखी द्या. मी दिलं. माझं अक्षर चांगलं आहे. एक पानभर लिहिलं, आणि त्यात एक वाक्य असं घातलं की सदर परिचराने अरेरावीने नकार दिला. अरेरावी! तो माणूस अख्ख्या दिवसात एकदाही आवाज चढवून बोलला नव्हता. शब्द लिहिताना मला ते माहीत होतं. तरी लिहिला, कारण मला तो शोभून दिसला.

दुसऱ्या दिवशी दादा नेहमीसारखे आले. खोड्यात एक पाडी होती, तिच्या खुरात जखम झाली होती. त्यांनी पाय उचलून धरला आणि मला जखम साफ कशी करायची ते सांगू लागले. मी घुश्शात, एक शब्द बोलले नाही. ते मात्र शिकवत राहिले. त्यांना कागदाची कल्पना होती, कारण साहेबांनी पाकीट त्यांच्याच हाती टपालात टाकायला दिलं होतं. साहेबांनी तसं मुद्दाम केलं होतं, आणि दादांनी ते टाकलं होतं.

त्या संध्याकाळी दादांची बायको वंदनाताई दवाखान्यात आली. तिची शेळी अडली होती आणि दादा दुसऱ्या गावाला गेले होते. मी त्यांच्या घरी गेले. करडू बाहेर काढलं, ते उभं राहिलं. ओट्यावर दादांचे वडील बसले होते, पांडूबाबा, पंच्याहत्तरीचे. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं, तूच का ती कागद लिहिणारी? मी होय म्हणाले. पण म्हातारा रागावला नव्हता. त्याने मला नीट समजावून सांगितलं, मी इंटर्न होते ना, सगळेच मला शिकवत होते.

गावातलं मेलेलं ढोर ओढायचं काम त्यांच्या घराकडे होतं. बापाने केलं, आज्याने केलं. छप्पन साली धर्म बदलला आणि पुढच्या वर्षी गावकीने बोलावणं धाडलं, तेव्हा पांडूबाबांनी ओढायची दोरी चावडीपुढे ठेवली आणि आजपासून हे काम आमचं नाही म्हणून सांगितलं. तो अख्खा पावसाळा गावात त्यांना कुणी मजुरीला बोलावलं नाही. घरात तान्ही पोर होती, ती गेली. जयराम तेव्हा आठ वर्षांचा. पुढे अठ्ठ्याऐंशी साली जयरामला गुरांच्या दवाखान्यात नोकरी लागतेय म्हटल्यावर म्हातारा चार दिवस बोलला नाही. मग म्हणाला, जित्या ढोराची हवी तेवढी सेवा कर, पण मेल्याला हात लावलास तर या घरात जेवायला बसू नकोस. जयरामने शब्द दिला होता.

मी सापगावची. शेतकऱ्याच्या घरातली. आमची गाय मेली की कुणीतरी माणसं येऊन तिला ओढून न्यायची, आणि ती कोण, त्यांना तसं का करावं लागतं, हे मी जन्मात कधी विचारलं नव्हतं. लाज वाटली. करडाला चाटणाऱ्या शेळीकडे बघत मी तिथे बसून राहिले.

सकाळी साहेबांकडे जाऊन मी कागद परत मागितला. ते म्हणाले, टपाल गेलं. पुढच्या आठवड्यात आम्हा तिघांना तालुक्याला बोलावणं आलं. तिथल्या अधिकाऱ्यांनी दादांना एकच विचारलं, यापुढे करशील का? दादा नाही म्हणाले. मग मी उठले. मी सांगितलं, "सर, अरेरावी हा शब्द खोटा आहे. मी रागात लिहिला. आणि गाय फाडायचं काम डॉक्टरचं असतं, शिपायाचं नाही."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. अधिकाऱ्यांनी माझं बोलणं लिहून घेतो म्हणून सांगितलं. कागद मात्र परत देता येणार नाही म्हणाले, त्याच्यावर आवक क्रमांक पडला होता.

यादी मार्चमध्ये निघाली. तीत जयरामदादांचं नाव नव्हतं. माझं सर्टिफिकेट वेळेवर आलं, साहेबांनी त्यावर 'उत्तम' लिहिलं होतं. मी दादांकडे गेले. काय बोलायचं ते वाटेत तीनदा घोकलं होतं, पण त्यांच्यासमोर नुसती रडले. ते खोड्याचं लाकूड घासत होते.

"रडू नका बाय," ते म्हणाले. "मी ओढलं असतं तर आर्डर आली असती. पन मग संध्याकाळी बापाच्या ताटाला ताट लावून कसा बसलो असतो?" मग म्हणाले, "आनि सुरी तुमी घेतलीत ना. ह्या दवाखान्यात सुरी घेतलेला पयला डाक्तर तुमीच."

नंतर मीही सरकारी नोकरीत लागले. आटगावच्या बाजूला माझा दवाखाना होता. इंटर्न यायचे, त्यांना मी आठ दिवस सुईला हात लावू द्यायची नाही. पोरं माझ्या नावाने बोटं मोडायची, मोडोत बापडी. मेलेलं जनावर आलं की मी स्वतः फाडायची आणि त्यांच्याकडून फाडून घ्यायची, आणि शिपायाला पाणी तापवायला सांगायची. पांडूबाबा २००४ साली वारले. जयरामदादा शेवटच्या दिवसापर्यंत त्यांच्याबरोबर जेवत होते.

दादा अर्धवेळच राहिले. २००८ साली साठ पूर्ण झाली म्हणून त्यांना उद्यापासून येऊ नका असं सांगितलं गेलं. तोवर मी तालुक्याच्या ऑफिसात कामानिमित्त जात असे, ओळखीही झाल्या होत्या. काही तरी करता येईल या आशेने मी त्यांची फाइल मागवून घेतली.

तालुक्याला मी तोंडी दिलेला जबाब त्यात नव्हता. नेमणुकीचा कागद होता, रजेचे दोन अर्ज होते. वीस वर्षांत त्या माणसाने माझ्यासारखे तीस-चाळीस डॉक्टर हाताला धरून शिकवले. त्यांच्यापैकी त्याच्याबद्दल लिहून ठेवलं होतं ते फक्त मी. एकच पान. अक्षर चांगलं होतं.