पिस्तुलावरचं कुंकू

आमचे हे एका जागी स्वस्थ बसतील तर शपथ. गोटीराम गायधनी. फौजेच्या वर्कशॉपात सव्वीस वर्षं बंदुका दुरुस्त करून हवालदार म्हणून सुटले आणि आता देवळाली कॅम्पजवळच्या एका नेमबाजी क्लबात पिस्तुलं सांभाळतात. घरी आले तरी हाताला काम लागतंच. कधी दाराची कडी उघडझाप करून बघतात, कधी कुकरची शिट्टी सोडवून ठेवतात. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, पण निवांत चहा पिताना मी यांना पाहिलेलं नाही.

क्लबात एकच कायदा. नेम पोरांनी धरायचा, पिस्तूल उघडायचं ते यांनीच. आधी मॅगझिन काढणार, मग नळी रिकामी आहे का ते दोनदा बघणार, मग ब्रश, मग कोरडं फडकं आणि शेवटी तेलाचा एक थेंब. दुसरा थेंब टाकणाऱ्याला हे माणसात धरत नाहीत. जास्त तेल कचरा धरून ठेवतं, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की कढईत फोडणी करतानाही तेच आठवतं.

या सगळ्यात यांचा जीव अडकला तो सृष्टीत. एकोणीस वर्षांची पोर, पळशाहून दोन बस बदलून येते. बाप पंचवटीच्या बाजारात कोथिंबीर घालतो. क्लबाचंच एक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल ती वापरते, पाच गोळ्यांचं. दसऱ्यानंतरच्या रविवारी राज्याच्या संघाची निवड होती आणि चारच मुली घ्यायच्या होत्या. हे महिनाभर तिच्या मागे लागले होते. गोळ्यांचे सहा लॉट मागवले. पिस्तूल टेबलाला आवळून प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारल्या आणि ज्याची भोकं सगळ्यात जवळजवळ पडली तो लॉट तिच्या नावानं बाजूला काढला. नेम धरायची मागची साइट बदलली, तिची खाच रुंद केली. पुढच्या साइटच्या दोन्ही बाजूंना भरपूर उजेड दिसला पाहिजे, असं यांचं म्हणणं. पोर हळूच म्हणाली होती की काका, मला आधीची अरुंदच बरी वाटते. यांनी तिला असं झापलं की ती पुन्हा बोलली नाही.

मग खंडेनवमी आली. दरवर्षी क्लबात शस्त्रांची पूजा असते आणि ताट माझ्याकडे. यांनी बजावून ठेवलेलं असतं की हळद-कुंकू पेटीच्या झाकणावर लाव, शस्त्राला बोट लावू नकोस. इतकी वर्षं मी पाळलं. या वर्षी सृष्टीचं पिस्तूल पुसून समोर ठेवलेलं होतं, हे फोनवर बोलत बाहेर गेले होते आणि माझ्या मनात आलं, पोरीचं भलं होऊ दे. चांगलं चिमूटभर कुंकू लावलं. वरून फडक्यानं पुसलंही. मला काय ठाऊक, जिथून गोळीची रिकामी पुंगळी बाहेर उडते त्या फटीच्या कडेलाच मी ते लावलं होतं.

शुक्रवारी पिस्तूल अडकलं. गोळी सुटली, पण पुंगळी आतच राहिली. दहा गोळ्यांनंतर पुन्हा तेच. स्पर्धेत पंच एकदा माफ करतात, दुसऱ्यांदा गुण जातात. हे घरी आले आणि जेवणाचं ताट तसंच सरकवलं. आधी त्या लॉटवर संशय घेतला. मग मॅगझिनची स्प्रिंग बदलली. दोनदा सगळं खोलून साफ केलं आणि तरी तेच. म्हणाले, आत काहीतरी बसलंय, पण सापडत नाही. मला ते कुंकू आठवलं. सांगावं तर हे घर डोक्यावर घेतील आणि न सांगावं तर पोरीचं वाटोळं. मी उगाच डबे पुसत बसले, पुसलेलेच पुन्हा पुसले. यांनी दाराची कडी काढली-लावली, काढली-लावली. शेवटी मी ओरडले की ती कडी एकदाची उपटून टाका.

शनिवारी डब्याचं निमित्त करून क्लबात गेले. व्हरांड्यात टेबलावर पिस्तूल खोलून ठेवलेलं, हे त्यावर वाकलेले, सृष्टी शेजारी नखं खात उभी. मी डबा ठेवला आणि सांगून टाकलं, "अहो, नवमीला मी त्याला कुंकू लावलं होतं."

मला वाटलं, आता फुटतील. पण पुंगळी ओढून काढणारा बारीक आकडा असतो, तो भाग उचलून त्यांनी उजेडात धरला. डोळ्याशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मी खांद्यावरून पाहिलं. आकड्याच्या पोटात लालभडक लगदा बसला होता. मला चाळिशीचा चष्मा आहे, तरी हातभरावरून दिसला.

"इथंच तर आहे की, लाल," मी म्हणाले.

"कुठं?" हे म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पेपर नाकाला लावून वाचणं, ट्यूबलाइटला शिव्या देणं, संध्याकाळी गाडी चालवायची टाळणं. मी मेली रोज बघत होते आणि म्हातारपणाचा चिडचिडेपणा समजत होते. कुंकवाचा अपराध माझा होता, पण यांनी तो दोनदा हातात धरला होता आणि यांना दिसला नव्हता. मला इतकं भरून आलं की पदर तोंडाला लावावा लागला.

सृष्टीलाही कळलं असावं. हे बराच वेळ तो भाग बोटांत फिरवत राहिले आणि मग ब्रश तिच्यापुढे धरला. क्लबात यांनी दुसऱ्याच्या हातात ब्रश दिलेला मी कधी पाहिला नव्हता. "तू काढ," म्हणाले. तिनं काडीनं खरवडून, ब्रशनं झाडून सगळं काढलं. शेवटी तेलाचा एकच थेंब टाकला.

"आणि ती मागची साइट," हे म्हणाले, "ती मी माझ्या डोळ्यानं लावली होती. तुझी जुनी लाव."

रविवारी साठ गोळ्या झाल्या. हे मागच्या खुर्चीवर डोळे मिटून एकेक आवाज ऐकत बसले होते, आणि बसले म्हणजे खरंच बसले. पिस्तूल एकदाही अडकलं नाही. तासाभरानं यादी भिंतीवर लागली. गर्दीतून हे सगळ्यांच्या आधी पुढं घुसले, कागदासमोर उभे राहिले, आणि मग मागं वळून मला शोधू लागले.

"छाया," म्हणाले, "वाच."

मी वरून वाचायला लागले. चौथं नाव सृष्टीचं होतं.