दसऱ्याला पुजलेलं खोकं

मंडळी, आज डोळ्यांदेखत घडलेलं सांगतो.

आज दुपारी जळकोटजवळ माझ्या पंक्चरच्या दुकानासमोर टँकर उलटला, ड्रायव्हर आत अडकला. टँकर गळत होता, म्हणून अलीकडं पोलीस अन् पलीकडं अग्निशमनवाले लांबच थांबलेले. दोघांकडं वॉकीटॉकी, पण एकाचं दुसऱ्याला ऐकूच जात न्हाय! मोबाईलला रेंज न्हाय. शेवटी शेतातून वळसा मारत निरोप घेऊन मीच पळत होतो. त्यात अर्धा तास गेला.

ड्रायव्हर वाचला, पण पाय गेला.

पोलिसांच्या साहेबांना विचारलं, "हे दोन वायरलेस जोडायची सोय न्हाय का?"

"हाय की. यंत्र आलंय, ऑफिसात खोक्यात हाय. दसऱ्याला पूजा बी केली."

"मग आणलं का न्हाय?"

"सील फोडलं तर जबाबदारी कुणाची?"

लई किळस आली.

पायाची जबाबदारी कुणाची, तुम्हीच सांगा.